आधी हिरड्या, मग कवळी

कवळी करायची ठरली की घरात पहिला प्रश्न निघतो खर्चाचा. मग दातांच्या रंगाचा, आणि त्यानंतर ‘कुठल्या कंपनीचे दात बसवणार?’ हा. हे सगळे प्रश्न दिसणाऱ्या दातांचे. ते दात ज्या हिरडीवर टेकणार तिच्याबद्दल आणि हिरडीखालच्या हाडाबद्दल सहसा कोणी विचारत नाही. कवळी घट्ट बसेल की जेवताना उचलेल, बोचत राहील की अंगवळणी पडेल, हे मात्र बहुतांशी तिथेच ठरतं.

दाताचं मूळ जबड्याच्या हाडाला थेट चिकटलेलं नसतं. दोघांच्या मध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो. घास चावताना दातावर आलेला दाब हे तंतू ओढीच्या रूपानं हाडापर्यंत पोचवतात, आणि रोजच्या ह्या ओढीमुळे हाड टिकून राहतं. दात गेला की तंतूही जातात. दाताला धरून ठेवण्यासाठीच असलेल्या हाडाला काम उरत नाही आणि शरीर ते हळूहळू विरघळवून टाकतं. ही झीज पहिल्या वर्षात सर्वांत जास्त होते, पुढे मंदावते, पण थांबत नाही. आन्त्ये टालग्रेन ह्या संशोधिकेनं पूर्ण कवळी वापरणाऱ्या माणसांच्या जबड्यांची मोजमापं तब्बल २५ वर्षं घेतली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खालच्या जबड्याच्या कडेची झीज वरच्यापेक्षा साधारण चौपट आढळली. ‘वरची कवळी छान बसली, खालचीच त्रास देते’ हे वाक्य दंतवैद्यांना सतत ऐकू येतं, त्याचं अर्धं उत्तर ह्या एका आकड्यात आहे.

उरलेलं अर्धं उत्तर रचनेत आहे. वरच्या कवळीला सगळ्या टाळूचा आधार मिळतो. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर पसरतो आणि कवळीच्या कडा गालाच्या आतल्या बाजूला नीट टेकल्या की आत हवा शिरत नाही. पाणी लावून एकमेकींवर ठेवलेल्या दोन काचा सरळ ओढून सुटत नाहीत, तसंच हे. खालच्या कवळीला टाळू नाही. मध्ये जीभ आहे, तीही सतत हलणारी. त्यामुळे खालच्या कवळीला मिळते ती हिरडीची अरुंद, वळणदार कड, आणि तीच वर्षागणिक बुटकी होत जाणारी.

टाळूला तंतोतंत जुळणारी कवळी नुसत्या लाळेवर टिकते, हे जपानी कारागिरांनी फार पूर्वी ओळखलं होतं. सोळाव्या शतकात तिथे बॉक्सवूडच्या लाकडात कोरलेल्या कवळ्या वापरात होत्या. त्यानंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन मात्र पाणघोड्याच्या दातात आणि शिशात घडवलेल्या, स्प्रिंगांनी उघडणाऱ्या जड कवळ्या घालत होते. तोंड मिटून ठेवायलाही त्यांना जोर लावावा लागे. १७८९ साली त्यांनी पदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. देशाच्या सर्वोच्च माणसाला जे मिळालं नाही ते आज तालुक्याच्या गावातही मिळू शकतं, फक्त माप काळजीनं घेतलेलं हवं आणि तोंडात लाळ हवी. ही दुसरी अट लोकांना ठाऊक नसते. रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते. अशा माणसाची कवळी सुटत राहते, हिरडी सोलवटते आणि दोष कवळी करणाऱ्याला दिला जातो. म्हणून पहिल्या भेटीलाच चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून कुणी झोलेड्रॉनिक ॲसिडसारखी इंजेक्शनं किंवा ॲलेंड्रोनेटच्या गोळ्या घेत असेल, तर हे दात काढण्याआधी सांगणं अत्यावश्यक आहे. ह्या औषधांमुळे काही रुग्णांच्या जबड्याची जखम भरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाच्या निर्णयाकडे वळते. तोंडात चार-पाच दात उरलेले असतात, त्यांतले दोन हलत असतात, आणि घरचे म्हणतात, ‘सगळे काढून टाका, एकदाच काय ती कवळी होऊन जाऊ दे.’ हे ऐकायला सुटसुटीत वाटतं. पण उरलेल्या दातांपैकी सुळे शाबूत असतील, विशेषतः खालचे, तर ते राखण्यासाठी भांडावं असं मला वाटतं. सुळ्याचं मूळ सगळ्या दातांत लांब असतं. त्याचं रूट कॅनॉल करायचं, वरचा भाग हिरडीच्या पातळीपर्यंत कमी करायचा, त्यावर छोटी टोपी बसवायची किंवा नुसता भराव करायचा आणि वरून पूर्ण कवळी बसवायची. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही, पण आत मुळं जिवंत तंतूंनी हाडाला धरून असतात. १९७८ साली क्रम आणि रूनी ह्या दंतवैद्यांनी अशा रुग्णांची पाच वर्षांची तुलना प्रसिद्ध केली. सगळे दात काढलेल्यांच्या खालच्या जबड्याचं पुढच्या भागातलं हाड सरासरी ५.२ मिलिमीटर कमी झालं, सुळ्यांची मुळं राखलेल्यांचं फक्त ०.६ मिलिमीटर. खालच्या जबड्यात पाच मिलिमीटर म्हणजे घट्ट कवळी आणि डब्यात पडून राहणारी कवळी यांच्यातलं अंतर. शिवाय मुळं असली की चावण्याचा अंदाजही येतो, किती जोर लावला हे कळतं.

मुळं राखता येण्यासारखी नसतील तर इम्प्लांटचा पर्याय आहे. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी एकमतानं मांडलं की खालचे सगळे दात गेलेल्या माणसासाठी दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी हाच पहिला पर्याय मानला जावा. आपल्याकडे इम्प्लांट म्हटलं की तोंडभर दहा-बारा स्क्रू आणि भलीमोठी रक्कम डोळ्यांपुढे येते. खालच्या जबड्यात पुढे दोनच बसवले आणि त्यांवर काढता-घालता येणारी कवळी अडकवली, तरी भाकरी चावण्याइतका फरक पडतो. हे अनेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. मात्र अनियंत्रित मधुमेह आणि तंबाखू ह्या दोन गोष्टी इम्प्लांट वाया घालवू शकतात.

मूळ राखायचं असो की इम्प्लांट, विषय पुन्हा हिरडीपाशीच येतो. दात किडल्यामुळे जातात एवढंच बहुतेकांना माहीत असतं. चाळिशीनंतर न किडलेले, पांढरेशुभ्र दातही हलून पडतात, ते हिरडीच्या आजारानं. तो कसा सुरू होतो हे १९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हूस इथे हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी अगदी साध्या प्रयोगात दाखवलं. बारा निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केलं आणि साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. दातावर साचणारा जंतूंचा चिकट थर हेच कारण, आणि सुरुवातीच्या टप्प्यात आजार पूर्ण उलटवता येतो, ह्या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगातून सिद्ध झाल्या.

ह्याच लो यांनी पुढे श्रीलंकेतल्या चहामळ्यांवर काम करणाऱ्या ४८० पुरुष मजुरांना १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं तपासलं. त्यांना ना टूथब्रश माहीत होता, ना दंतवैद्य. दात कुणाचे फारसे किडलेले नव्हते, पण हिरड्या सगळ्यांच्या सुजलेल्या. त्यांतल्या ११ टक्के लोकांचा आजार सुजेपलीकडे गेलाच नाही. ८१ टक्क्यांचा संथ गतीनं वाढला. आणि ८ टक्क्यांचा इतक्या वेगानं, की पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे सगळे दात गेले. आपल्या ओळखीत एखादे आजोबा असतात, ज्यांनी जन्मभर राखुंडीनं दात घासले आणि नव्वदीतही ऊस खाल्ला. ते ह्या ११ टक्क्यांतले असावेत. त्यांच्यावरून आपल्या हिरडीचा निवाडा करता येत नाही. आपण कुठल्या गटात आहोत हे तपासणीत कळतं: दंतवैद्य बारीक खुणा असलेली सळई दात आणि हिरडीच्या फटीत घालून खोली मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्याहून खोल फट असेल तर तिथे ब्रश पोचत नाही आणि हाड खाली सरकायला लागलेलं असू शकतं.

दात घासताना रक्त आलं की लोक ब्रश बाजूला ठेवतात आणि बोटानं हलकंसं मंजन लावतात. करायला हवं नेमकं उलट. रक्त येणं ही सूज आहे, आणि थर निघाल्याशिवाय सूज उतरत नाही. मऊ ब्रश हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या रेषेवर तिरका धरून घासत राहावं, पंधरा दिवसांत रक्त कमी होतं. नाही झालं तर थराचं किटण झालेलं असतं, आणि ते ब्रशनं निघत नाही, क्लीनिंगच करून घ्यावं लागतं. ‘क्लीनिंग केलं आणि दात हलायला लागले’ ही तक्रार मी घरोघरी ऐकली आहे. दात आधीच हलत होते, किटणाच्या टणक कवचानं ते एकमेकांना जखडून ठेवले होते. कवच निघालं आणि खरी परिस्थिती उघड झाली. दातांत फटी दिसतात त्याही क्लीनिंगनं पडलेल्या नसतात, सुजलेली हिरडी ओसरली की त्या दिसू लागतात.

मशेरीबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण हा आपल्याच घरातला विषय आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, बारीक करायची आणि सकाळी बोटानं दातांना-हिरड्यांना चोळत बसायचं, ही सवय महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत, कोकणात, मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत आजही कितीतरी बायकांना आहे. बहुतेकींची सुरुवात दातदुखीपासून झालेली असते. सासूनं किंवा शेजारणीनं सांगितलेलं असतं, ‘मशेरी लाव, दात ठणकायचा थांबेल.’ ठणका खरंच थोडा वेळ बधिर होतो आणि नंतर मशेरीशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चालत नाही, असं वाटायला लागतं. तंबाखूतलं निकोटिन हिरडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकतं. त्यामुळे हिरडी सुजलेली असूनही रक्त कमी येतं आणि बाईला वाटतं, आपल्या हिरड्या घट्ट आहेत, मशेरीनंच त्या टिकल्या. आतलं हाड मात्र जात असतं. त्याशिवाय रोज जिथे मशेरी चोळली जाते तिथे पांढरे चट्टे उमटतात आणि त्यांतले काही पुढे कर्करोगाकडे जातात. आईनं, आत्यानं किंवा कामाला येणाऱ्या मावशींनी मशेरी सोडावी म्हणून रागावून उपयोग नसतो. दुखणाऱ्या दातावर आधी उपचार करून दिला, तर मशेरीचं मूळ निमित्तच संपतं. सुपारी आणि गुटख्याचा त्रास वेगळा. त्यानं गालांच्या आतलं अस्तर ताठर होत जातं, तोंड दोन बोटंही उघडत नाही, आणि मग कवळीचं माप घेणं सोडाच, केलेली कवळी आत सरकवणंही अवघड होतं.

मधुमेह आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात. साखर वाढलेली असली की हिरडीचा आजार झपाट्यानं वाढतो, आणि हिरडीतली कायमची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, थोडा खाली येतो, हे अनेक अभ्यासांमध्ये दिसलं आहे. रक्तदाबासाठी घेतल्या जाणाऱ्या अम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावी.

हिरड्या सांभाळल्यावर किंवा निदान शांत केल्यावर मग कवळी निवडायची. काही दात शिल्लक असतील तर अर्धी कवळी तीन प्रकारची मिळते. ॲक्रिलिकची स्वस्त असते, पण ती हिरडीवर सगळा भार टाकते आणि उरलेल्या दातांच्या मुळाशी अन्न साठवते. ती काही महिन्यांची सोय म्हणून ठीक आहे. लवचीक, नायलॉनसारख्या पदार्थाची कवळी दिसायला सुरेख, तारा दिसत नाहीत, म्हणून हल्ली तिची फार मागणी आहे. तिच्याबद्दल माझं मत बरं नाही. तीही हिरडीवरच टेकते, हळूहळू रुतत जाते, आणि सैल झाली की तिला आतून पुन्हा भरणं कठीण. कोबाल्ट-क्रोमियम धातूची ओतीव कवळी महाग आणि किंचित दिसणारी, पण तिला छोटे टेकू असतात, ते उरलेल्या दातांवर बसतात. भार दात पेलतात आणि हिरडी मोकळी राहते. परवडत असेल तर हीच घ्यावी.

पूर्ण कवळीला पाच-सहा भेटी लागतात, आणि ‘एका दिवसात कवळी’च्या जाहिरातीपेक्षा ह्या भेटींवर विश्वास ठेवलेला बरा. पहिलं ढोबळ माप, त्यावरून खास तुमच्यासाठी केलेला ट्रे, मग गाल-ओठ हलवून कडांसह घेतलेलं बारीक माप, त्यानंतर मेणाच्या कड्यांवर दोन्ही जबड्यांमधलं अंतर ठरवणं. हे अंतर कमी धरलं गेलं तर गाल आत जातात आणि ओठांच्या कोपऱ्यांत लाळ साचून भेगा पडतात. जास्त धरलं गेलं तर बोलताना दात एकमेकांवर खटखट आपटतात आणि जबडा दुखून येतो.

ह्यानंतरची भेट रुग्णाच्या हाती असते. मेणात बसवलेले दात तोंडात घालून पाहायचे असतात. ह्या दिवशी एकट्यानं जाऊ नये. घरातलं कुणीतरी, ज्यानं तुमचा चेहरा वर्षानुवर्षं पाहिला आहे, ते सोबत हवं, आणि दात होते तेव्हाचा हसतानाचा एखादा फोटोही. रंग अगदी पांढरा मागू नये, सत्तरीच्या चेहऱ्यावर विशीचे दात उपरे दिसतात. मोठ्यानं बोलून पाहावं. ‘सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट’ म्हणताना शीळ वाजते का, ‘वांगं’, ‘विहीर’ म्हणताना वरचे पुढचे दात खालच्या ओठाला हलकेच टेकतात का, हे ऐकावं. ‘स’ अडखळत असेल, दात पुढे आल्यासारखे वाटत असतील, तर तिथेच सांगावं. मेणातला दात दोन मिनिटांत हलवता येतो. ॲक्रिलिकमध्ये पक्का झाला की सगळं पुन्हा. डॉक्टरांना कसं सांगायचं ह्या संकोचानं गप्प बसणारी माणसं पुढची दहा वर्षं तो संकोच तोंडात वागवतात.

पैशांची अडचण असेल तर शासकीय किंवा महापालिकेच्या दंत महाविद्यालयांकडे जावं. मुंबईत नायर आणि शासकीय दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं डेंटल कॉलेज, इथे विद्यार्थी अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली कवळ्या करतात. खेपा जास्त घालाव्या लागतात, पण प्रत्येक पायरी तपासली जाते. रस्त्याकडेला बसून दात लावून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नये. ते कच्चं ॲक्रिलिक शेजारच्या चांगल्या दातांना चिकटवून ‘पक्का’ दात बसवतात. त्याखाली हिरडी सडते आणि चांगले दातही जातात. टाळूला चिकटावी म्हणून रबरी चकती लावलेली कवळी कुणी देऊ केली तर घेऊ नये. त्या चकतीनं टाळूला आरपार भोक पडल्याची उदाहरणं भारतातल्या वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

नवी कवळी पहिले काही दिवस परकी वाटतेच. लाळ सुटते, जीभ अडखळते. मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी इथून सुरुवात करावी, लहान घास दोन्ही बाजूंनी एकदम चावावा, कारण एकाच बाजूनं चावलं की दुसरी बाजू उचलते. पुढच्या दातांनी पेरू किंवा मक्याचं कणीस तोडू नये. मोठ्यानं वाचन केलं की उच्चार लवकर बसतात. बोचत असेल तर घरी कानस किंवा ब्लेड लावू नये. दंतवैद्याकडे जाण्याआधी काही तास कवळी घालून जावं, म्हणजे लाल झालेली जागा दिसते आणि नेमकी तिथेच घासता येते.

रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी. पाण्यात अशासाठी, की ॲक्रिलिक कोरडं पडलं तर त्याचा आकार बदलू शकतो. आणि काढून अशासाठी, की चोवीस तास झाकलेल्या टाळूवर कॅन्डिडा नावाची बुरशी वाढते. टाळू लाल होतो, बहुधा दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. जपानमध्ये ८५ वर्षांपुढच्या ५२४ वृद्धांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त आढळला. झोपेत कवळीवरचे जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात.

कवळी घासताना टूथपेस्ट वापरू नये, तिच्या कणांनी ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू घर करतात. मऊ ब्रश आणि भांड्यांचा सौम्य साबण पुरे. उकळतं पाणी नको, कवळी वाकडी होते. धुताना खाली पाण्याचं भांडं किंवा टॉवेल ठेवावा, सिंकमध्ये पडून तुटलेल्या कवळ्या फार असतात. आणि सकाळ-संध्याकाळ ओल्या सुती फडक्यानं हिरड्या, टाळू आणि जीभ पुसून घ्यावी. दात नाहीत म्हणून हिरड्यांचं काम संपलेलं नसतं, उलट चावण्याचा सगळा भार आता त्यांच्यावरच असतो.

चार-पाच वर्षांनी कवळी सैल होते. ‘कवळी जुनी झाली’ असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात तिच्याखालचं हाड कमी झालेलं असतं. आतून नवा थर भरून ती पुन्हा जुळवता येते. चिकटवायची पेस्ट दोन-चार दिवसांची सोय म्हणून चालते. रोज अधिकाधिक पेस्ट लागत असेल तर माप तपासायची वेळ आलेली असते. सैल कवळी हलत राहिली की तिच्या कडेखाली मांसाची घडी वाढते आणि ती कधी कधी कापून काढावी लागते. कुठलाही व्रण कवळी काढून ठेवूनही दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर तो डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे. तंबाखू खाल्लेली असेल तर एक दिवसही न थांबता. सगळे दात गेलेल्यांनीही वर्षातून एकदा तोंड तपासून घ्यावं.

घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल, तर कवळी करतानाच तिच्या आतल्या बाजूला नाव घालून मागावं. हॉस्पिटलमध्ये, वृद्धाश्रमात कवळ्यांची अदलाबदल होते, आणि ज्याला बोलता येत नाही तो सांगू शकत नाही. स्मृतिभ्रंश झालेला माणूस एकाएकी जेवण नाकारू लागला, तर भूक मेली असं ठरवण्याआधी त्याची कवळी काढून तिच्याखालची हिरडी बघावी.